आरोळीवालीच्या खाली काय आहे

वार्निश

चोरीला गेली होती एक चूक.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. खिडकीखालचं टेबल, टेबलावरचा मान वाकवलेला दिवा, बाटल्यांच्या बुचांवर चिकटवून उभी केलेली अर्धवट रंगवलेली पलटण, आणि काचेच्या घुमटाखाली ती. आरोळीवाली. टेबलावर मांडायच्या लढायांच्या खेळातली, होडीवाल्यांची म्होरकी. तिचे शिपाई बोटाच्या पेराएवढे, ती मात्र अख्ख्या तर्जनीएवढी. एक पाय होडीच्या काठावर, एक हात वर, आणि तोंड उघडं. पलीकडच्या किनाऱ्यावरचा माणूस दचकून उठेल असं.

निरीक्षकबाईंनी घुमट उचलला, डोळ्याला भिंग लावलं आणि तिची पाठ आपल्याकडे वळवली.

झग्याच्या मागच्या घडीत त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. रंग ओला असताना फोन वाजला, उचलायला गेल्या आणि बोट लागलं. पुसता आला असता. त्यांनी मुद्दाम ठेवला होता. "असू दे. सही आहे माझी," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या.

आता तिथे ठसा नव्हता. घडी कशी गुळगुळीत.

बाई बहिणीच्या ऑपरेशनसाठी पंधरवडाभर बाहेर होत्या. सकाळी परत आल्या होत्या, बॅग अजून दारातच होती. मुलगा ती उचलायला वाकला होता.

"ही माझी नाही," निरीक्षकबाई म्हणाल्या.

"काय?"

"ही दुसरी आहे. माझी कुणीतरी नेली, आणि ही ठेवली."

मुलाने बॅग खाली ठेवली. फार हळू ठेवली.

(पुतळी रंगवताना आतून बाहेर यायचं असतं. आधी अस्तर, मग अंगचे रंग, मग खाचांमधली सावली, कडांवरचा उजेड, शेवटी वार्निश. ही गोष्ट उलटी जाणार आहे. वरून आत, एकेक थर पुसत.)

उजेड

मुलाचं बोलणं. आईची उत्तरं त्याने ऐकून घेतली नाहीत, म्हणून इथे ती नाहीत.

"आई, आधी बस बघू.

"अगं, कोण कशाला बदलेल? चोर आला, टीव्ही सोडून बाहुली उचलली, आणि जाताना तसलीच दुसरी रंगवून ठेवून गेला?

"ठसा होता ना? मग तूच पुसला असशील. विसरली असशील.

"ओरडू नकोस. मी फक्त म्हणतोय. मागे गॅसवर पातेलं राहिलं होतं, आठवतंय? बघ, ते आठवत नाही तुला.

"मी वाचलंय ह्याबद्दल. एक आजार असतो, त्यात माणसाला वाटतं की आपल्या वस्तू कुणीतरी बदलल्यात. दिसायला त्याच, पण आपल्या नाहीत. अगदी तुझेच शब्द, आई.

"सोमवारची वेळ घेतो डॉक्टरांची. नुसतं दाखवून येऊ.

"आणि खरं सांगू? एवढी मोठी जागा, तू एकटी. आमच्याकडे मागची खोली रिकामीच आहे. टेबल नाही मावणार, पण ह्या वयात डोळे फोडून... बरं. बरं, नाही बोलत."

तो थांबला तेव्हा निरीक्षकबाईंनी एवढंच विचारलं, "सोमवार ना?"

"हो."

"म्हणजे रविवारपर्यंत माझं डोकं माझंच आहे. जा तू आता."

सावली

नोकरीत त्या वजनमापांच्या निरीक्षक होत्या. त्या बाजारात शिरल्या की तराजूच सरळ होऊन उभे राहतात, अशी त्यांच्या दिरांची थट्टा. निवृत्त झाल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. लोकांच्या वजनातली खोट काढण्यात उभं आयुष्य गेलं, आणि आता त्यांच्याच डोक्यात खोट आहे म्हणे.

साहजिकच त्यांनी आधी वजनकाटा काढला. आरोळीवालीचं वजन त्यांना तोंडपाठ होतं.

काटा तिथेच येऊन थांबला.

पुन्हा ठेवली. पुन्हा तिथेच. तळाची बैठक त्यांचीच होती, आत शिसं भरलेली, कडेला ओळखीचा ओरखडा असलेली. वरची पुतळी त्याच साच्यातली. वजन चुकणार कुठून?

त्या खुर्चीत टेकल्या. डोळे म्हणत होते, ही माझी नाही. काटा म्हणत होता, तुझीच आहे. आयुष्यभर त्या काट्याच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या. ठसा नाही म्हणावं, तर तूच पुसलास. रंग वेगळा म्हणावा, तर तूच बदललास. डोळ्यांना दिसेल असा प्रत्येक पुरावा मुलगा उचलून त्यांच्याच अंगावर फेकू शकत होता. 'विसरलीस' ह्या एका शब्दापुढे कुठलीच साक्ष टिकत नव्हती.

आणि खरंच विसरल्या असतील तर?

त्यांनी नजर वळवली, कुठेतरी बघायचं म्हणून भिंतीकडे बघितलं. खिडकीच्या चौकटीपासून हातभर अंतरावर पेन्सिलची बारीक फुली होती. समोरच्या भिंतीवर, बरोबर त्याच उंचीला, दुसरी.

ह्या फुल्या त्यांच्या नव्हत्या. हेही विसरल्या म्हणायचं का?

"हॅट्," निरीक्षकबाई मोठ्याने म्हणाल्या, आणि उठून चपला शोधू लागल्या.

अंगचे रंग

पहिला, दीर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेलेली. घराची जादा किल्ली त्यांच्याकडे.

"वहिनी, माझ्यावर संशय? वा! म्हणजे अजून माझ्यात काहीतरी आहे म्हणायचं."

"हात तुमचे चांगले आहेत, भाऊजी."

"हात आहेत हो. डोळे कुठायत?" त्यांनी काळा चष्मा वर केला. एक डोळा लालभडक, मोतीबिंदू काढलेला, दुसरा अजून धुकट. "माझं सगळ्यात बारीक अक्षर तुमच्या त्या बाईपेक्षा मोठं असायचं. आता तर पाटी दिसली तरी देव पावला."

"किल्ली कुणाला दिली होतीत?"

"तुमच्या चिरंजीवांना. झाडांना पाणी घालायचं म्हणाला. का हो?"

"काही नाही. मला सांगा, माझी आरोळीवाली तुम्ही कोरी असताना बघितली होतीत का?"

"कोरी नाही, काळीकुट्ट! अस्तर काळं लावलं होतंत. काळ्यावर पिवळा चढवायचा म्हणजे शुद्ध गाढवमेहनत, असं मी तुम्हाला आठवडाभर ऐकवत होतो."

"आणि मी काय म्हणाले?"

"म्हणालात, काळ्यातून वर आलेला रंग खोल दिसतो. तुमची सगळी पलटण काळ्या अस्तराची, वहिनी. हट्टीपणा तो हट्टीपणा."

"हे लक्षात ठेवा," निरीक्षकबाई म्हणाल्या. "माझं काही विसरायला झालं, तर तुम्ही आठवून द्या."

दुसरा, टोपीवाला. जेवतानाही टोपी न काढणारा हा गृहस्थ दर गुरुवारी बाईंच्या टेबलाशी बसून आपली घोडदळं रंगवायचा. आरोळीवालीवर त्याचा जीव होता. तसलीच एक, न रंगवलेली, त्याने कपाटात जपून ठेवली होती. कारखान्याने ती बनवणं केव्हाच बंद केलं होतं.

"तुमचं कपाट उघडा जरा."

"आज... आज नको, बाई. पसारा आहे."

"कोरी आरोळीवाली कुठाय?"

टोपीवाल्याने टोपी डाव्या कानावरून उजव्या कानावर सरकवली. "दिली."

"ती? मी दहादा मागितली तेव्हा म्हणालात, जीव गेला तरी नाही."

"चांगल्या कामासाठी दिली. शब्द दिलाय, जास्त विचारू नका."

"शब्द कुणाला दिलाय?"

"तोच तर शब्द आहे!"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. ह्याने आपल्याजवळची रंगवून घुमटाखाली ठेवली आणि माझी घरी आणली, असं तर नाही? ह्याचा हात बरा आहे. लोभही आहे. पण पंधरवड्यात एवढं नीट काम? ह्याचा एक घोडा वर्षभर शेपटीवाचून उभा असतो.

तिसरी, सून. ती खोटे दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. पांढरा कोट, समोर छोटी भट्टी, हातात तीन केसांचा ब्रश. सासूबाई आलेल्या पाहून ती अर्धवट उठली.

"आई, तुम्ही इथे? दात दुखतोय का?"

"तू केलेला दात आहे. दुखायची हिंमत आहे त्याची?" पुढचा तो एक दात सुनेनेच बनवला होता. कुठला खरा आणि कुठला खोटा, हे खुद्द दातांच्या डॉक्टरांना ओळखता आलं नव्हतं. "मी नव्हते तेव्हा घरी आली होतीस?"

"झाडांना पाणी घालायला. दोनतीनदा."

"आरोळीवालीला कुणी हात लावलेला बघितलास?"

सून ब्रश पुसत बसली. तो कधीच स्वच्छ झाला होता. मग खाली बघूनच विचारलं, "का, आई? चांगली नाही दिसत का ती?"

"चांगली? माझ्या आरोळीवालीपेक्षा बरी आहे. म्हणून तर माझी नाही."

सुनेचे कान लाल झाले. भट्टीजवळ बसल्यावर होतात कुणाचेही.

दात

रविवारी सकाळी दात घासताना निरीक्षकबाई आरशासमोर थबकल्या.

फेस थुंकला. ओठ वर करून आरशाच्या जवळ गेल्या. मग तशाच, हातात ब्रश घेऊन, टेबलाकडे धावल्या आणि आरोळीवालीच्या उघड्या तोंडावर भिंग धरलं.

बराच वेळ.

मग त्या हसल्या. खऱ्या दातांनी, आणि त्या एका खोट्यानेही.

अस्तर

दुपारी चौघे टेबलाभोवती बसले होते. दीर, टोपीवाला, मुलगा, सून. मधोमध आरोळीवाली, तिच्या शेजारी स्पिरिटची बाटली आणि टोकाला कापूस गुंडाळलेली एक काडी.

"हा काय तमाशा आहे, आई?" मुलगा म्हणाला. "उद्या डॉक्टरकडे जायचंय."

"त्याचंच ठरवायला बोलावलंय. वरून कितीही निरखली तरी दिसणार नाही अशी एकच जागा हिच्यात आहे. अस्तर. वरचं काहीही दाखवलं तरी तू म्हणणार, विसरलीस. पण ज्याने ही रंगवली त्याला खाली काय आहे ते ठाऊक आहे, आणि माझ्या पुतळीखाली काय होतं ते भाऊजींना ठाऊक आहे."

"काळं," दीर म्हणाले. "शपथेवर सांगतो. माझे डोळे तेव्हा धड होते."

निरीक्षकबाईंनी काडी स्पिरिटमध्ये बुडवली. "हिचा चेहरा मी आता पुसणार. खाली काळं निघालं, तर माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम मीच मातीत घातलं. मग मी वेडीच. उद्या तुझ्याबरोबर डॉक्टरकडे येते, परवा तुझ्या मागच्या खोलीत राहायला येते, टेबल भंगारात. एक शब्द बोलणार नाही."

"आई, नको ना. उगाच—"

"आणि पांढरं निघालं, तर ह्या घरात मला विसराळू म्हणायचं नाही. कुणीही."

काडी आरोळीवालीच्या गालाशी गेली. कापसातून एक थेंब लोंबला.

टोपीवाल्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

"नका पुसू!" सून उभी राहिली होती. खुर्ची मागे पडली. "चेहरा नका पुसू, आई. पांढरं आहे खाली. मी केलीय ती."

"बस खाली," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. मग सगळ्यांना उद्देशून, "आईला सांभाळून घ्यायला बोलतेय ती. तुम्हाला कळतंय ना?"

"मी कुणाला सांभाळून घेत नाहीये." सुनेने सासूच्या हातातून काडी घेतली. पुतळी उलटी फिरवली. झग्याच्या मागच्या घडीवर, जिथे ठसा असायला हवा होता तिथे, कापूस घासला. निळा निघाला. खाली राखाडी निघाला. त्याच्याखाली, नखाच्या टोकाएवढा, लख्ख पांढरा.



"मला सकाळपासून ठाऊक होतं," निरीक्षकबाई म्हणाल्या. "आपल्या हातचं काम पुसलं जाताना करणाऱ्याला बघवत नाही. ते बघायला तुम्हाला बोलावलं. काडी चेहऱ्याजवळ गेली तेव्हा मी आरोळीवालीकडे बघतच नव्हते. तुमच्याकडे बघत होते."

"पण हिच्यावर संशय कसा आला?" दिरांनी विचारलं.

"दातांमुळे. आम्ही सगळे दात कसे रंगवतो, टोपीवाले?"

"एक पांढरी रेघ ओढायची, झालं," टोपीवाला टोपीखालून म्हणाला. "खसखशीएवढी जागा. आणखी काय करणार?"

"हिने रेघ नाही ओढली. हिरडीशी पिवळसर, मधे दुधी, टोकाला किंचित निळसर, काचेसारखे. एकेक दात वेगळा. अशी खसखशीत मेहनत कोण करेल? ज्याचा हात सवयीनेच तिकडे जातो तो. असला दात मी आणखी एकाच ठिकाणी बघितलाय." त्यांनी ओठ वर करून सगळ्यांना तो दाखवला. "आणि खोट्या दातात आधी आतला धातू झाकायला पांढरा थर देतात. दात बसवला तेव्हा हिनेच मला समजावलं होतं. म्हणून पांढऱ्यावर मी पैज लावली."

"हे मला म्हणाले," सून म्हणाली, नवऱ्याकडे न बघता, "आईंची पुतळी चुकून पडली, पायाखाली आली. त्यांचा जीव आहे तिच्यावर, त्यांना वाईट वाटायला नको. तू फोटोवरून दुसरी कर. मी केली. मला वाटलं, मी चांगलं काम करतेय. डॉक्टरांचं मला काल रात्री जेवताना कळलं. तेव्हापासून घास उतरला नाही."

"मलाही तेच सांगितलं," टोपीवाला पुटपुटला. "चांगलं काम."

"आता तू," निरीक्षकबाई मुलाकडे वळल्या. "इथे पुतळी कशी पडली? झाडं बाल्कनीत आहेत."

"पिशवीचा धक्का लागला. सांगणार होतो मी."

"कुणाच्या पिशवीचा?"

तो पडलेली खुर्ची उभी करायला वाकला.

"मग मी सांगते. त्या भिंतीवर पेन्सिलची फुली आहे, समोरच्या भिंतीवर दुसरी. मोजणाऱ्या माणसांमध्ये माझा जन्म गेला, बाळा. पडदे शिवणारा खिडकी मोजतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतो तो खोली घेणारा. मी रुग्णालयात बहिणीच्या उशाशी होते, आणि तू माझं घर लोकांना दाखवत होतास."

"तुझ्याच सोयीसाठी, आई! एकदा नक्की झालं की सांगणारच—"

"पुतळी तुटली ते मी सोसलं असतं. घर दाखवलंस, त्यावर भांडले असते आणि संपलं असतं. पण मी म्हटलं ही माझी नाही, तेव्हा तुला माहीत होतं मी खरं बोलतेय. तुला एकट्याला माहीत होतं. आणि तू मला आजाराचं नाव सांगितलंस." त्यांचा आवाज चढला नव्हता. बाजारात शिक्का खोटा निघाला की त्या अशाच बोलायच्या. "मी दोन दिवस माझ्याच डोक्याला काट्यावर ठेवून बघत होते. ते तुला कसं भरून देता येईल, सांग बघू."

मुलाने तोंड उघडलं. आरोळीवालीइतकं मोठं. आवाज तेवढाही आला नाही.

"सोमवारची वेळ रद्द करू नकोस," निरीक्षकबाई म्हणाल्या. "तू जा. विचार त्यांना, माझ्या आईची आठवण फार पक्की आहे, ह्यावर काही औषध आहे का."

दीर खो खो हसले आणि मग डोळा दुखला म्हणून कळवळले.

कोरं

पाहुणे गेल्यावर सुनेने पर्समधून दातांचा साचा ठेवायची प्लॅस्टिकची डबी काढली. आत कापसावर आरोळीवाली होती. खरी. घोट्यापासून तुटलेली, हात वेगळा, गालाचा टवका उडालेला. टवक्याखाली काळं.

"हे म्हणाले होते फेकून दे. मला नाही फेकवली."

निरीक्षकबाईंनी भिंगाखाली पाठ धरली. घडीतला अंगठा तिथेच होता, रेघ न् रेघ शाबूत.

"हिचा पाय जुळेल. आत तार घालू." त्यांनी दुसरी खुर्ची दिव्याजवळ ओढली. "तू बस इथे. ही दुसरी तुझी आहे, तिची पाठ तू भर. आणि तो दातांच्या टोकाचा निळा कसा काढलास ते मला दाखव. मी कितीदा प्रयत्न केला, माझा नुसता मळकट येतो."

"निळा नसतोच तो, आई. खालचा थर पातळ ठेवायचा, उजेड आत जाऊ द्यायचा."

"अस्सं! आणि हे आजवर सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत कधी."

सुनेने घडी भरली. रंग ओला असतानाच सासूने तिचं मनगट धरलं. "आता अंगठा लाव."

"खराब होईल ना."

"होऊ दे. सही कर. उद्या कुणी बदलली तर तुझं तुला ओळखता आलं पाहिजे."

मुलगा अजून दारात घुटमळत होता. जावं की थांबावं, ठरत नव्हतं. निरीक्षकबाईंनी टेबलाच्या खणातून खोडरबर काढला आणि मागे न बघता त्याच्या दिशेने धरला. तो आला, घेतला, आणि भिंतीपाशी जाऊन पेन्सिलची फुली घासू लागला. मग समोरच्या भिंतीवरची. घासतच राहिला.

"बेताने," निरीक्षकबाई भिंगातून डोळा न काढता म्हणाल्या. "अस्तरापर्यंत जाऊ नकोस. घर माझं आहे."